धनुषा जिल्ह्याचा भूगोल आणि लोकसंख्या : तराईतील जिल्ह्याचा अभ्यास कसा करावा

नेपाळच्या दक्षिण सीमेलगतच्या सपाट प्रदेशातील, म्हणजे तराईतील, एखाद्या जिल्ह्याची माहिती शोधू लागले, की ती बहुधा क्षेत्रफळ, लोकसंख्या, मुख्यालय आणि शेजारच्या जिल्ह्यांची नावे एवढ्यावरच थांबते. ही माहिती चुकीची नसते; परंतु त्या जिल्ह्यात माणसे कोठे दाटीने राहतात, कोठे विरळ राहतात आणि तसे का आहे, याचा उलगडा तिच्यातून होत नाही. मधेश प्रदेशातील धनुषा जिल्हा उदाहरणादाखल घेऊन हा अभ्यास कोणत्या क्रमाने करावा, हे येथे मांडले आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : तराईतील जिल्हा आधी नकाशावर उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहावा आणि जनगणनेचे तक्ते त्यानंतरच उघडावेत. त्या तक्त्यांतील बहुतेक आकड्यांचे कारण जमिनीच्या याच उतारात दडलेले असते.

प्रशासकीय चौकट आधी निश्चित करावी

कोणताही आकडा टिपून घेण्यापूर्वी तो कोणत्या सीमांमधील आहे, हे पाहणे आवश्यक आहे. २० सप्टेंबर २०१५ रोजी लागू झालेल्या संविधानानंतर नेपाळची रचना संघीय झाली, देशाचे सात प्रदेश झाले आणि नवलपरासी व रुकुम या दोन जिल्ह्यांचे विभाजन होऊन जिल्ह्यांची संख्या ७५ वरून ७७ वर गेली. मार्च २०१७ मध्ये जुन्या गाव विकास समित्या संपुष्टात आल्या आणि त्यांच्या जागी गाउँपालिका (ग्रामीण पालिका) व मोठ्या नगरपालिका आल्या. आज देशात अशा ७५३ स्थानिक संस्था आहेत. त्यामुळे २०११ च्या जनगणनेतील गावपातळीचे आकडे आणि २०२१ चे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. जुनी कोणती गावे आजच्या कोणत्या पालिकेच्या कोणत्या वॉर्डात गेली, हे आधी जुळवावे लागते. धनुषाच्या बाबतीत जिल्ह्याची तुलना मात्र सोपी आहे, कारण २०११ आणि २०२१ या दोन्ही जनगणनांमध्ये त्याचे क्षेत्रफळ १,१८० चौरस किलोमीटर असेच धरलेले आहे.

हा जिल्हा पूर्वी जनकपूर अंचलात (अनेक जिल्ह्यांचा जुना प्रशासकीय विभाग) मोडत असे. पुढे तो प्रदेश क्रमांक २ मध्ये आला आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या प्रदेशाला मधेश प्रदेश हे नाव मिळाले. जुनी कागदपत्रे शोधताना ही तिन्ही नावे वापरून शोध घ्यावा. धनुषात एकूण १८ स्थानिक संस्था आहेत. जनकपूरधाम ही उपमहानगरपालिका जिल्ह्याचे मुख्यालय आहे आणि प्रदेशाची राजधानीही आहे. क्षीरेश्वरनाथ, गणेशमान-चारनाथ, धनुषाधाम, नगराइन, विदेह, मिथिला, शहीदनगर, सबैला, कमला, मिथिला बिहारी आणि हंसपूर या अकरा नगरपालिका आहेत. जनकनंदिनी, बटेश्वर, मुखियापट्टी मुसहरमिया, लक्ष्मीनिया, औरही आणि धनौजी या सहा गाउँपालिका आहेत. कर, शाळा, स्थानिक रस्ते आणि नियोजन यांचे बरेचसे अधिकार आता या संस्थांकडे आहेत, तर जिल्हा पातळीवर मुख्यतः प्रमुख जिल्हा अधिकाऱ्याचे कार्यालय आणि जिल्हा समन्वय समिती काम करते. म्हणून आजच्या धोरणांविषयी लिहायचे असेल तर जिल्ह्याच्या सरासरीवर विसंबू नये आणि पालिकांचे आकडे स्वतंत्रपणे पाहावेत.

नेपाळी कागदपत्रांतील वर्षे विक्रम संवतातील असतात. एप्रिलच्या मध्यापासून डिसेंबर अखेरपर्यंतच्या तारखांसाठी संवताच्या आकड्यातून ५७ आणि उरलेल्या महिन्यांसाठी ५६ वजा केले, की इसवी सन मिळतो. २०७८ ची जनगणना ती २०२१ चीच. जमिनीचे माप तराईत बिघा, कठ्ठा आणि धूर यांत दिलेले असते. एक बिघा म्हणजे वीस कठ्ठे, एक कठ्ठा म्हणजे वीस धूर, आणि एक बिघा साधारणपणे ०.६७७ हेक्टर भरतो. डोंगराळ जिल्ह्यांत रोपनी हे वेगळे माप चालते, त्यामुळे दोन्ही भागांची तुलना करताना सर्व आकडे हेक्टरमध्ये आणूनच पुढे जावे.

नकाशा उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहावा

धनुषाच्या उत्तरेला सिंधुली, पूर्वेला सिराहा, पश्चिमेला महोत्तरी आणि दक्षिणेला भारतातील बिहार राज्याचा मधुबनी जिल्हा आहे. या चौकटीत उत्तर-दक्षिण रेषा धरून पुढे सरकत गेल्यास तीन वेगवेगळे पट्टे ओळीने लागतात, आणि माझ्या मते जिल्ह्याचा निम्मा अभ्यास हे पट्टे नीट ओळखण्यातच आहे.

पहिला पट्टा चुरे डोंगरांचा. हिमालयाच्या पायथ्याशी असलेली ही सर्वात बाहेरची आणि वयाने सर्वात तरुण रांग आहे. तिचे खडक ठिसूळ आहेत. वालुकाश्म, चिखलाचे थर आणि गोटे यांची ती सैल रचना आहे. झाडी तुटली की पावसाळ्यात तेथील माती आणि गोटे झपाट्याने खाली येतात. याच कारणाने नेपाळ सरकारने २०१० मध्ये राष्ट्रपतींच्या नावाने चुरे संरक्षणाचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे त्यासाठी स्वतंत्र समिती नेमली.

दुसरा पट्टा भाबरचा. डोंगर संपून उतार एकाएकी मंदावतो तेथे नद्या आपले गोटे, खडी आणि जाड वाळू टाकून देतात. या सच्छिद्र थरात पाणी मुरते, त्यामुळे पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी नदी हिवाळ्यात येथे दिसतसुद्धा नाही. ढल्केबरच्या आसपास कोरड्या दिवसांत पूर्व-पश्चिम महामार्गावरील पुलावर उभे राहिले, की खाली रुंद, पांढुरके, गोट्यांनी भरलेले पात्र दिसते. त्यात पाण्याची एखादी बारीक धार असते किंवा तीही नसते, आणि पात्रातून ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गेलेल्या असतात. पूल एवढा लांब कशासाठी, हा प्रश्न तेव्हा पडतो. त्याचे उत्तर जुलै-ऑगस्टमध्ये मिळते. भाबरमध्ये विहीर खोल न्यावी लागते, शेती पावसावर अवलंबून राहते आणि जंगल अधिक टिकून असते. चारकोसे झाडी या नावाने ओळखले जाणारे घनदाट सालवन याच पट्ट्यात पसरलेले होते.

तिसरा पट्टा म्हणजे खरी तराई. भाबरमध्ये मुरलेले पाणी येथे पृष्ठभागाजवळ येते. मातीचे कण बारीक होतात, उतार जवळजवळ नाहीसा होतो, आणि हातपंपाला थोड्या खोलीवर पाणी लागते. जनकपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ७५ मीटर उंचीवर आहे. भात, गहू, ऊस, डाळी, आंब्याच्या बागा आणि माशांची तळी यांचा हा प्रदेश आहे. जनकपूरविषयी ‘बावन्न कुटी, बहात्तर कुंड’ असे म्हणतात; गंगासागर आणि धनुषसागर ही त्यांतील सर्वपरिचित तळी. ही तळी धार्मिक आहेत हे खरेच, परंतु उथळ भूजल आणि चिकण माती असल्याशिवाय एका गावात इतकी तळी टिकली नसती, हेही भूगोलाच्या अभ्यासकाने नोंदवावे.

हे पट्टे स्वतः आखण्यासाठी उपग्रह-नकाशाचा उपयोग करावा. हिवाळ्यातील चित्र निवडले, तर उत्तरेचे गडद हिरवे डोंगर, त्याखाली पांढरी रुंद नदीपात्रे आणि त्याहून खाली लहान चौकोनी शेते, असा फरक साध्या डोळ्यांनीही ओळखता येतो. पात्र जेथे अरुंद आणि वळणदार होऊ लागते, तेथे भाबर संपत आल्याचे समजावे. त्या चित्रावर पूर्व-पश्चिम महामार्ग आणि ढल्केबरहून सुमारे २५ किलोमीटर दक्षिणेला जनकपूरकडे जाणारा रस्ता या दोन रेषा आखाव्यात. वस्तीचे बरेचसे कोडे या दोन रेषांशी येऊन सुटते.

नद्यांचा उगम विचारावा

तराईतील नद्यांची नावे पाठ करण्यापेक्षा त्यांचा उगम कोठे आहे हे शोधणे अधिक उपयोगी ठरते. कोशीसारख्या नद्या हिमालयातून बर्फाचे पाणी घेऊन येतात आणि बारमाही वाहतात. कमला, बागमती, कंकाई यांसारख्या नद्या मधल्या महाभारत रांगेतून निघतात. त्या आटत नाहीत, पण उन्हाळ्यात रोडावतात. चुरेतून निघणाऱ्या नद्या केवळ पावसाच्या असतात. धनुषात हिमालयातून येणारी एकही मोठी नदी नाही. पूर्व सीमेवर सिराहा जिल्ह्यापासून धनुषाला वेगळी करणारी कमला ही दुसऱ्या प्रकारची, तर जलाद, चारनाथ, औरही या तिसऱ्या प्रकारच्या आहेत.

या एका माहितीवरून पुष्कळ गोष्टी सांगता येतात. कमला सिंचन प्रकल्पाच्या कालव्यांना धनुषा आणि सिराहा या दोन्ही जिल्ह्यांच्या शेतीत महत्त्व का आहे, हे कळते. वर्षभरातील पावसापैकी सुमारे ८० टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडत असल्यामुळे एकाच गावाला श्रावणात पूर आणि चैत्रात पाणीटंचाई का भोगावी लागते, हेही स्पष्ट होते. चुरेतून आलेल्या गाळाने पात्राचा तळ वर उचलला गेला, की तेवढ्याच पावसात नदी काठाबाहेर पडते आणि शेतात सुपीक मातीऐवजी वाळू पसरते. अशी जमीन पुन्हा पिकाखाली आणायला वर्षे जातात. दक्षिणेकडील गावांवर पुराची आपत्ती येते तेव्हा तिचे कारण उत्तरेकडील डोंगरात शोधावे लागते. हा संबंध दाखवल्याखेरीज धनुषाविषयीचे कोणतेही लेखन पूर्ण झाले असे मी मानणार नाही.

लोकसंख्येचा आकडा घेताना

नेपाळमध्ये १९११ पासून साधारणपणे दर दहा वर्षांनी जनगणना होते. हे काम पूर्वी केंद्रीय तथ्यांक (म्हणजे सांख्यिकी) विभाग करीत असे. आता ते राष्ट्रीय तथ्यांक कार्यालयाकडे आहे. सर्वात अलीकडची जनगणना जून २०२१ मध्ये व्हायची होती, परंतु कोविडच्या साथीमुळे ती ११ ते २५ नोव्हेंबर २०२१ या काळात झाली. तिचे प्राथमिक आकडे २०२२ च्या सुरुवातीला आणि अंतिम आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींत फरक आहे : देशाची प्राथमिक लोकसंख्या २,९१,९२,४८० होती, तर अंतिम २,९१,६४,५७८ ठरली. आजही अनेक ठिकाणी प्राथमिक आकडेच फिरत असल्याने, हाती आलेला आकडा यांपैकी कोणत्या मालिकेतील आहे हे तपासूनच तो वापरावा. तपासण्याची एक साधी रीत अशी : मधेश प्रदेशातील आठही जिल्ह्यांच्या लोकसंख्येची बेरीज ६१,१४,६०० आली तर ते आकडे अंतिम मालिकेतील आहेत.

धनुषाची लोकसंख्या २००१ मध्ये ६,७१,३६४, २०११ मध्ये ७,५४,७७७ आणि २०२१ मध्ये ८,६७,७४७ होती. शेवटच्या दोन जनगणनांमधील वाढ १,१२,९७० एवढी, म्हणजे जवळजवळ १५ टक्के आहे. या वाढीचा वार्षिक दर काढताना एक चूक फार वेळा होते, आणि ती म्हणजे दोन जनगणनांमधील अंतर दहा वर्षे धरणे. २०११ ची जनगणना जूनमध्ये आणि २०२१ ची नोव्हेंबरमध्ये झाली असल्यामुळे हे अंतर सुमारे १०.४ वर्षांचे आहे. ८,६७,७४७ ला ७,५४,७७७ ने भागले की १.१४९७ मिळतात, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.१३९५ येतो, त्याला १०.४ ने भागले की वार्षिक दर १.३४ टक्के निघतो. दहाने भागल्यास तो १.३९ टक्के दिसतो. हीच पद्धत देशाच्या २,६४,९४,५०४ आणि २,९१,६४,५७८ या आकड्यांना लावली, की ०.९२ टक्के हा अधिकृत दर तंतोतंत मिळतो, आणि आपली रीत बरोबर असल्याची खात्री पटते.

आता हे दर शेजारी ठेवावेत. २००१ ते २०११ या काळात धनुषाचा दर सुमारे १.१७ टक्के आणि देशाचा १.३५ टक्के होता, म्हणजे जिल्हा देशापेक्षा हळू वाढत होता. पुढच्या दशकात देशाचा दर ०.९२ वर घसरला आणि धनुषाचा मात्र १.३४ वर चढला. ही एका जिल्ह्यापुरती घटना नाही. देशाच्या लोकसंख्येत तराईचा वाटा १९६१ मध्ये सुमारे ३६ टक्के होता. १९८१ मध्ये तो ४३.६, २०११ मध्ये ५०.३ आणि २०२१ मध्ये ५३.६ टक्के झाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली मलेरिया निर्मूलन मोहीम, त्यानंतर झालेली जंगलतोड, महामार्गाची बांधणी आणि डोंगरांतून खाली आलेली वस्ती ही यामागची मोठी कारणे आहेत. मात्र धनुषाविषयी लिहिताना हे विवेचन जसेच्या तसे वापरू नये. या जिल्ह्याचा दक्षिण भाग मलेरिया हटण्याच्या कितीतरी आधीपासून दाट वस्तीचा, मैथिली भाषकांचा शेतीप्रदेश होता. डोंगरांतून आलेली कुटुंबे मुख्यतः उत्तरेकडे, महामार्गाच्या आणि जंगलाच्या कडेने स्थिरावली.

घनतेचा छेद तपासावा

८,६७,७४७ ला १,१८० ने भागले की दर चौरस किलोमीटरला ७३५ ही घनता मिळते. २०११ मध्ये ती ६४० होती. मधेश प्रदेशातील आठ जिल्ह्यांत ही सर्वाधिक आहे. त्यानंतर रौतहट (७२३) आणि महोत्तरी (७०६) येतात, तर संपूर्ण प्रदेशाची घनता ६३३ आणि देशाची सुमारे १९८ आहे. परंतु घनता हा भागाकार आहे आणि त्याचा छेद प्रामाणिक नसेल तर उत्तर फसवे ठरते. पर्सा जिल्ह्याची घनता ४८४ दिसते, तेव्हा तेथे माणसे ऐसपैस राहतात असा अर्थ काढू नये; त्या जिल्ह्याचा मोठा हिस्सा पर्सा राष्ट्रीय उद्यानाने आणि इतर जंगलाने व्यापलेला आहे आणि लोक उरलेल्या दक्षिण भागात एकवटले आहेत. धनुषातही डोंगर, जंगल आणि नदीपात्रे वजा करून केवळ पिकाखालील व वस्तीची जमीन धरल्यास दक्षिणेतील खरी दाटी ७३५ हून बरीच वर जाते. म्हणून पालिकानिहाय लोकसंख्या आणि क्षेत्रफळ घेऊन प्रत्येकीची घनता स्वतंत्र काढावी आणि आधी आखलेल्या तीन पट्ट्यांच्या नकाशावर ती भरावी. भाबर जेथे संपतो त्या रेषेच्या दक्षिणेला आकडे वाढत जातात, हे अशा नकाशावर स्वतः पाहणे शंभर वाक्यांपेक्षा मोलाचे आहे.

नगरपालिका या शब्दावरून नागरीकरण मोजण्याचा मोह टाळावा. अठरापैकी बारा संस्था नगर या वर्गातील असल्या, तरी त्यांतील बहुतेक भाग भातशेतीचा आणि खेड्यांचा आहे. २०२१ च्या जनगणनेने वस्तीच्या स्वरूपानुसार वेगळे वर्गीकरण केले, तेव्हा देशातील नागरी लोकसंख्या केवळ २७ टक्के ठरली. पालिकांच्या नावांवरून मोजली तर हीच संख्या ६६ टक्के दिसते.

भाषा, समाज आणि गैरहजर माणसे

धनुषाची प्रमुख मातृभाषा मैथिली आहे. यादव हा संख्येने सर्वात मोठा समूह असून मुस्लिम, तेली, कोइरी, धानुक, मुसहर, तत्मा, ब्राह्मण आणि इतर अनेक समाज येथे राहतात. उत्तरेकडे मगर, तामाङ आणि डोंगरी ब्राह्मण-क्षत्रिय कुटुंबे आढळतात. २०२१ च्या जनगणनेने देशभरात १४२ जाती-जमाती आणि १२४ मातृभाषा नोंदवल्या. दोन जनगणनांमध्ये भाषांचे आकडे तोलताना सावध राहावे, कारण पूर्वी मैथिली म्हणून नोंद होत असलेल्या काही समाजांनी अलीकडे मगही किंवा बज्जिका अशी नोंद केली आहे. अशा वेळी आकडा बदलतो तो लोकांनी आपली ओळख वेगळी सांगितल्यामुळे, आणि बोलणारी माणसे मात्र तीच असतात.

शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वात हळुवारपणे हाताळण्याचा तक्ता आहे गैरहजर लोकसंख्येचा. नेपाळची जनगणना परदेशी राहणाऱ्यांची नोंद स्वतंत्रपणे करते आणि त्यांना मुख्य लोकसंख्येत मिळवत नाही. २०२१ मध्ये देशभरात असे सुमारे २१.९ लाख लोक होते. आखाती देश आणि मलेशियात मजुरीसाठी जाणाऱ्यांच्या संख्येत धनुषा अनेक वर्षे देशातील आघाडीच्या जिल्ह्यांत राहिला आहे. त्यामुळे ८,६७,७४७ हा आकडा जिल्ह्यात राहणाऱ्यांचा आहे. जिल्ह्यातील घरे ज्यांना आपले मानतात त्या सर्वांचा नव्हे. दक्षिणेकडील उघड्या सीमेमुळे भारतात हंगामी कामाला जाणाऱ्यांची मोजणी तर आणखी अवघड होते. भारतातील जयनगर ते जनकपूर ही १९३७ पासूनची छोट्या मापाची रेल्वे २०१४ मध्ये बंद पडली आणि एप्रिल २०२२ मध्ये रुंदमापी रूपात कुर्थापर्यंत पुन्हा सुरू झाली. या मार्गावरून होणारी ये-जा कोणत्याही जनगणनेच्या तक्त्यात दिसत नाही.

गैरहजरांत पुरुष अधिक, म्हणून जिल्ह्यात स्त्रिया अधिक असणारच, असा निष्कर्षही घाईने काढू नये. २०२१ मध्ये देशात १०० स्त्रियांमागे ९५.५९ पुरुष होते, परंतु मधेश प्रदेशात ३०,६५,७५१ पुरुष आणि ३०,४८,८४९ स्त्रिया नोंदल्या गेल्या. पुरुषांची संख्या अधिक असलेला हा एकमेव प्रदेश आहे. येथील लोकसंख्येत मुलांचा वाटा मोठा आहे आणि बालवयात मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा जास्त असते, त्यामुळे तरुण पुरुषांची गैरहजेरी एकूण गुणोत्तरात झाकली जाते. हे उलगडण्यासाठी एकूण गुणोत्तर बाजूला ठेवून पाच-पाच वर्षांच्या वयोगटांचा तक्ता घ्यावा, ० ते ४, २० ते २४, २५ ते २९ आणि ३० ते ३४ या गटांतील पुरुष व स्त्रिया प्रत्येक पालिकेसाठी वेगवेगळ्या लिहाव्यात, आणि त्यांच्याशेजारी त्याच पालिकेतील परदेशी गेलेल्यांची संख्या मांडावी.